पडणे, पाडणे, पडू देणे : रुग्णालयीन शुश्रूषेच्या इतिहासातील एका क्रियापदाचा प्रवास

१

मराठीत आजाराची सुरुवात पडण्याने होते. माणूस ‘आजारी पडतो’. आजार लांबला की तो ‘पडून असतो’. बरा होऊ लागला की ‘उठून बसतो’. गुजराती आणि बंगाली या भाषांची वहिवाट याहून फारशी निराळी नाही, आणि इंग्रजीतही आजारपणाशी पडण्याचेच क्रियापद जोडलेले आढळते. हिंदीने मात्र एक बारीक भेद सांभाळला आहे : आजारासाठी ‘पड़ना’, पण तोल जाऊन जमिनीवर कोसळण्यासाठी ‘गिरना’. मलयाळममध्ये आजार माणसाकडे ‘येतो’. त्यासाठी माणसाला पडावे लागत नाही. दिल्लीतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या एकाच वॉर्डात या सर्व भाषा रात्रंदिवस एकमेकींच्या शेजारी नांदत असतात. तेथे पलंगावरून उतरताना, स्वच्छतागृहाकडे जाताना वा खुर्चीतून उठताना रुग्ण जमिनीवर कोसळतो, त्या घटनेला कोणत्या शब्दात नोंदवायचे हा केवळ भाषिक प्रश्न राहत नाही. त्या शब्दावर उत्तरदायित्व अवलंबून असते.

मराठी क्रियापदाची तीन रूपे येथे विचारात घ्यावी लागतात. ‘रुग्ण पडला’ या वाक्यात रुग्णाखेरीज कोणीच नाही. घटना घडली, इतकेच. ‘रुग्णाला पाडले’ या वाक्यात दुसरा कर्ता येतो आणि त्याच्याबरोबर अपराधाची छाया येते. या दोहोंच्या मध्ये ‘रुग्णाला पडू दिले’ हे संयुक्त क्रियापद उभे आहे. यात कोणी धक्का दिलेला नाही, तरीही कोणीतरी उपस्थित होते, किंवा उपस्थित असायला हवे होते. रुग्णालयातील पडण्याचा इतिहास हा स्थूलमानाने पहिल्या वाक्याकडून तिसऱ्या वाक्याकडे झालेला प्रवास आहे, आणि दिल्ली व तिच्या परिसरात तो प्रामुख्याने १९९५ नंतर घडला, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. या प्रवासात रुग्णाच्या पदरात बरेच काही पडले हे मान्य करूनही, त्याच काळात शुश्रूषेची एक जुनी जाण मागे सरली, याकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात. यांतील बहुसंख्य घटना घरी, रस्त्यावर व कामाच्या जागी घडतात. रुग्णालयातील पडणे हा या विस्तीर्ण विषयाचा लहानसा भाग खरा. परंतु माणूस तेथे बरा होण्यासाठी गेलेला असतो. मांडीचे हाड मोडून किंवा डोक्यात रक्तस्राव होऊन तो मूळ आजाराहून मोठ्या आजाराने घेरला जातो, तेव्हा रुग्णालय या संस्थेच्या हेतूलाच बाध येतो.

२

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधरावा, ‘उपकल्पनीय’ नावाचा अध्याय साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा वाचलेला दिसत नाही. वमन-विरेचनादी उपचार आरंभण्यापूर्वी वैद्याने काय काय सिद्ध ठेवावे, याची ती एक लांबलचक यादी आहे. पण यादी हाही एक वाङ्मयप्रकार आहे, आणि ही यादी विलक्षण बोलकी आहे. घर भक्कम असावे, वाऱ्याच्या झोतात नसावे पण एका बाजूने हवा खेळती असावी. धूर, ऊन, पाणी, धूळ आत येऊ नये. आणि ते ‘सुखप्रविचार’ असावे, म्हणजे त्यात सहजपणे हिंडता-फिरता यावे. शौचाची व स्नानाची जागा त्याच वास्तूत असावी. शय्येवर चांगले अंथरूण, पांघरूण व उशी असावी, टेकून बसण्याची सोय असावी. पाण्याची झारी आणि थुंकण्याचे भांडे जवळ मांडून ठेवलेले असावे. दुर्बळ माणूस कशासाठी उठतो, याचा विचार या यादीमागे स्पष्ट दिसतो : तहान लागते म्हणून, थुंकायचे असते म्हणून, शौचाला जायचे असते म्हणून. वस्तू हाताशी असली की उठण्याचे एक कारण कमी होते.

यापुढे परिचारकांची नामावळी येते. स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, औषधे कुटणारे यांच्याबरोबर तेथे ‘उत्थापक’ व ‘संवेशक’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. उत्थापक म्हणजे उठवणारा; संवेशक म्हणजे निजवणारा. उठणे आणि निजणे या रुग्णाच्या क्रिया असताना संहितेने त्यांची प्रयोजक रूपे करून ती दुसऱ्याच्या कौशल्यात जमा केली आहेत. रुग्ण उठत नाही, त्याला उठवले जाते. आणि हे काम स्वयंपाकाइतकेच शिकावे लागणारे आहे. याच अध्यायात गाणारे-वाजवणारे, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे जाणणारे सोबतीही रुग्णाजवळ असावेत असे सांगितले आहे. कथेचा आणि उपचाराचा हा शेजार तौलनिक अभ्यासकांना अपरिचित नाही; त्या शेजारात उत्थापकही उभा आहे, इतकीच येथे भर घालावयाची.

सुश्रुतसंहितेचा सूर निराळा आहे. व्रणी रुग्णाच्या परिचर्येविषयीच्या अध्यायात उठणे, निजणे, कूस बदलणे, चालणे, मोठ्याने बोलणे या हालचालींत रुग्णाने स्वतःच सावध राहून व्रण सांभाळावा, असा निर्देश येतो. येथे दक्षतेचा कर्ता रुग्ण आहे. उठवण्याची जबाबदारी परिचारकाची की सावध राहण्याची जबाबदारी रुग्णाची, हा आजच्या न्यायालयांपर्यंत पोचलेला पेच या दोन संहितांच्या स्वरभेदात बीजरूपाने पाहता येतो. अर्थात चरकाला आधुनिक रुग्णसुरक्षा ठाऊक होती असे म्हणणे हा अनैतिहासिक उत्साह ठरेल. शिवाय चरकाने ही सर्व सिद्धता राजा, राजासारखा माणूस किंवा विपुल द्रव्य असलेला रुग्ण यांच्यासाठी सांगितली आहे. दरिद्री माणसाने जे उपलब्ध असेल त्यावर भागवावे असेही त्याच अध्यायात पुढे येते. उत्थापक परवडणारा रुग्ण आणि न परवडणारा रुग्ण ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

३

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे १८५९-६० मधील शुश्रूषाविषयक पुस्तक जगभर वाचले गेले ते स्वच्छ हवा, उजेड आणि टापटीप यांच्या आग्रहासाठी. त्यातील गोंगाटाविषयीच्या प्रकरणात मात्र पडण्याविषयीचे एक निरीक्षण दडलेले आहे, आणि ते अजूनही पुरेसे पाहिले गेलेले नाही. उभ्या असलेल्या किंवा चालत असलेल्या रुग्णाशी बोलू नये, असे त्या बजावतात. अशक्त रुग्ण जिन्यावरून कोसळतात, उठल्यावर भोवळ येऊन पडतात, यांतील अनेक अपघातांचे कारण त्या क्षणी दारातून अचानक डोकावून बोलणारी परिचारिका, किंवा ती तसे करील ही रुग्णाची भीती, हेच असते अशी त्यांची ठाम समजूत होती. परिचारिका रुग्णाबरोबर चालत असेल तर त्याला बोलायला लावू नये, हेही त्या सांगतात. आजच्या संशोधनात चालता-चालता बोलावे लागले की वृद्धांचा तोल कसा ढळतो याची मापने घेतली जातात. नाइटिंगेल यांच्याजवळ मापन नव्हते. रुग्णाकडे रुग्णाच्या बाजूने पाहणे होते. विशेष म्हणजे त्यांनी दोष रुग्णाच्या अशक्तपणाला दिला नाही, पाहणाऱ्याच्या वागण्याला दिला. ‘पडू देणे’ या क्रियापदाची आधुनिक काळातील ही एक अगदी आरंभीची जाणीव म्हणावी लागेल.

ही जाणीव हिंदुस्थानात आली ती संस्थांच्या रूपाने. दिल्लीत चांदनी चौकात सेंट स्टीफन्स हे स्त्रिया व मुलांचे रुग्णालय १८८५ मध्ये उघडले. लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय १९१६ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदन उभे राहिले आणि पुढे ससून रुग्णालयाशी जोडून तेथील स्त्रियांच्या परिचारिका-प्रशिक्षणाची सोय झाली. परक्या पुरुषाच्या शरीराला हात लावणे, मलमूत्राची भांडी उचलणे, रात्री घराबाहेर राहणे या तिन्ही गोष्टी तत्कालीन मध्यमवर्गीय मराठी घराला अशक्यप्राय वाटत. सेवासदनाच्या कार्याचे मोल प्रायः स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात मोजले गेले आहे. परंतु दुसऱ्याच्या देहाला आधार देऊन उठवणे हे काम हीन नाही, हा विचार मराठी समाजात रुजवण्यातही त्याचा वाटा आहे. चरकाचा पुल्लिंगी ‘परिचारक’ मराठीत ‘परिचारिका’ होऊन स्थिरावला तो याच घडामोडींच्या काळात.

संख्येचे चित्र मात्र विदारक होते. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३ हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्लीत परिचर्येचे पदवी-महाविद्यालय स्थापन झाले. १९७४ पासून ते राजकुमारी अमृत कौर यांच्या नावाने ओळखले जाते. १९५६ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अस्तित्वात आली. रुग्णालये वाढली, खाटा वाढल्या, पण उठवणारे हात त्या प्रमाणात वाढले नाहीत. ती उणीव कुटुंबाने भरून काढली.

उत्तर हिंदुस्थानात रुग्णाजवळ थांबणाऱ्या या नातेवाइकाला ‘तीमारदार’ म्हणतात. ‘तीमार’ या फारसी शब्दात रुग्णाची काळजी घेणे आणि दुःख, चिंता हे अर्थ एकत्र नांदतात. मराठी रुग्णालयांनी वेगळी वाट धरली : तेथे वॉर्डातील आयांना ‘मावशी’ व वॉर्डबॉयना ‘मामा’ म्हणण्याचा प्रघात पडला. परक्याला नात्यात ओढून ‘मावशी, भांडं द्या’ असे म्हणण्याइतपत संकोच कमी करण्याची ही मराठी युक्ती आहे. हा केवळ लाघवाचा विषय नव्हे. रुग्णालयात पडण्याच्या घटनांचा मोठा भाग शौच-लघवीसाठी उठण्याशी निगडित असतो, ही गोष्ट देशोदेशीच्या अभ्यासांतून वारंवार पुढे आली आहे. वृद्ध पुरुषाला तरुण परिचारिकेकडे भांडे मागण्याची लाज वाटते; कोणाची झोप मोडू नये असे त्याला वाटते; शिवाय आपल्या पायांनी उठणे हेच बरे होण्याचे लक्षण, असे त्याच्या भाषेनेच त्याला शिकवलेले असते. भेटायला आलेले नातेवाईकही ‘जरा उठून बस, बरं वाटेल’ असेच सांगतात. अशा रीतीने बरे होण्याची इच्छा हीच अनेकदा पडण्याचे निमित्त होते. तीमारदार चहा प्यायला खाली उतरलेला असतो, सलाईनची नळी हाताला जोडलेली असते, आणि रुग्ण पलंगाखाली चपला शोधतो.

या काळातील नोंदींत ही घटना जेव्हा येते, तेव्हा ती ‘पडला’ अशीच येते. देव, वय, भोवळ, ओली फरशी हे तिचे कारण असते.

४

परिवर्तनाचे दोन स्रोत आहेत, आणि ते एकमेकांपासून फार दूर उगम पावले.

पहिला स्रोत कॅनडातला. जॅनिस मॉर्स या परिचर्या आणि मानववंशशास्त्र अशा दोन्ही शाखांतील विदुषी. त्यांनी रुग्णालयातील पडण्याचे तीन प्रकार केले : घसरणे-अडखळणे यांसारखे अपघाती, आधी कल्पना करता न येण्याजोग्या शारीरिक कारणाने घडणारे, आणि ज्याची चाहूल आधीच लागू शकते असे. त्यांच्या पाहणीत तीन-चतुर्थांशांहून अधिक घटना या तिसऱ्या प्रकारात मोडत होत्या. ‘मॉर्स फॉल स्केल’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मापनश्रेणीत सहा बाबी आहेत : पूर्वी पडल्याचा इतिहास असल्यास २५ गुण, दुसरा आजार असल्यास १५, चालताना काठी वा कुबडीचा आधार घेत असल्यास १५ आणि सामानसुमान धरून चालत असल्यास ३०, शिरेतून सलाईन चालू असल्यास २०, चाल अशक्त असल्यास १० व बिघडलेली असल्यास २०, आणि स्वतःच्या मर्यादांचे भान नसल्यास १५. बेरीज अधिकात अधिक १२५. अनेक रुग्णालये ४५ वा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्याला अधिक जोखमीचा मानतात व त्याच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधतात. नियतीच्या जागी बेरीज आली, ही लहान गोष्ट नव्हे. (येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे : ज्यांच्या नावाने आज जगभर ही अंकश्रेणी भरली जाते, त्याच मॉर्स बाईंनी गुणात्मक आरोग्यसंशोधनाला वाहिलेले एक महत्त्वाचे नियतकालिक १९९१ मध्ये सुरू केले.)

दुसरा स्रोत दिल्लीतला, आणि तो न्यायालयीन आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या शब्दात वैद्यकीय उपचार येतात की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात १३ नोव्हेंबर १९९५ रोजी न्यायालयाने तो होकारार्थी सोडवला. संस्कृत-मराठी परंपरेत ‘सेवा’ हा शब्द निष्काम कर्माचा. सेवासदनाच्या नावात तो त्याच अर्थाने आलेला. १९९५ नंतर तोच शब्द मोबदला घेऊन दिलेल्या कामाचा आणि म्हणून दाव्याला पात्र असा झाला. निकालाने एक अपवाद मात्र ठेवला : जेथे सर्वच रुग्णांना पूर्णतः विनामूल्य उपचार मिळतात ते रुग्णालय या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले. पैसे भरणाऱ्या रुग्णालयातील पलंगावरून कोसळलेला रुग्ण ग्राहक मंचाकडे जाऊन ‘मला पडू दिले’ असे म्हणू शकतो. सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयातील रुग्णाला दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता मोकळा असला, तरी त्या मंचापुढे तो केवळ ‘पडलेला’ असतो. चरकाने केलेली विपुलद्रव्य आणि दरिद्री ही विभागणी अशा रीतीने व्याकरणातही उतरली.

या दोन स्रोतांचा संगम २००५ च्या सुमारास दिल्लीत झाला. त्या वर्षी सरिता विहारच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयाला ‘जॉइंट कमिशन इंटरनॅशनल’ची मान्यता मिळाली, ती मिळवणारे ते भारतातील पहिले रुग्णालय. या संस्थेच्या सहा आंतरराष्ट्रीय रुग्णसुरक्षा-उद्दिष्टांपैकी सहावे उद्दिष्ट पडण्यापासून होणारी इजा कमी करण्याचे आहे. त्याच काळात भारतीय गुणवत्ता परिषदेअंतर्गत ‘एनएबीएच’ हे राष्ट्रीय मान्यता मंडळ दिल्लीतच स्थापन झाले. त्याच्या मानकांतून दर हजार रुग्णदिवसांमागे किती रुग्ण पडले हे मोजण्याची शिस्त गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद येथील खाजगी रुग्णालयांत पसरली. वैद्यकीय पर्यटन, विमा कंपन्या आणि परदेशी रुग्ण यांचा या शिस्तीमागे मोठा वाटा होता हे खरे. हेतू व्यापारी होता म्हणून परिणाम निष्फळ ठरत नाही, हेही तितकेच खरे. पलंग खाली उतरवून ठेवणे, चाकांचे ब्रेक लावणे, रात्री मंद दिवा ठेवणे, स्वच्छतागृहात आधाराची दांडी बसवणे, घंटेची कळ हाताशी ठेवणे या साध्या गोष्टी प्रथमच कोणाचे तरी लेखी कर्तव्य झाल्या.

याबरोबरच एक नवा लेखनप्रकारही जन्मला : घटना-अहवाल. त्यात वेळ, स्थळ, इजा, आधीचे गुण, कठडे वर होते की खाली, डॉक्टरांना केव्हा कळवले इत्यादी रकाने असतात. त्याची शैली कर्मणी आणि निर्विकार. ‘रुग्ण जमिनीवर आढळला’ हे त्याचे नमुनेदार वाक्य. पडताना कोणी पाहिले नसेल तर ‘पडला’ असे म्हणण्याचीही त्यात मुभा नसते. आधुनिक कादंबरीच्या निवेदकाने सर्वज्ञता सोडली, तशीच ती या अहवालानेही सोडलेली दिसते, फक्त येथे कारण सौंदर्यदृष्टीचे नसून वकिलाचा सल्ला हे असते. जे घडले नाही, ते मात्र या लेखनात कधीच येत नाही. ज्या रात्री कोणीच पडले नाही, त्या रात्रीचा अहवाल नसतो. प्रतिबंध हा स्वभावतःच कथेविना राहणारा विषय आहे.

अशा न घडलेल्या गोष्टीची नोंद सर्वोच्च पातळीवर झाल्याचे एक दुर्मीळ उदाहरण दिल्ली आणि मुंबई यांना जोडते. १९७३ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची त्यांच्या सहकारी परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे बेचाळीस वर्षे, शुश्रूषा केली. दयामरणाविषयीच्या प्रसिद्ध खटल्यात ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात, इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांच्या अंगावर शय्याव्रण झाले नव्हते, या वस्तुस्थितीची दखल घेतली गेली. निकाल वाचला जातो तो जीवन-मरणाच्या तत्त्वचर्चेसाठी. परंतु रोज, दर काही तासांनी कूस बदलणाऱ्या हातांच्या पिढ्या त्या एका नकारार्थी वाक्यात सामावल्या आहेत. उत्थापक-संवेशकांच्या कामाला आधुनिक भारतीय लेखनात मिळालेली ती कदाचित सर्वांत मोठी दाद असावी.

५

‘पडू देणे’ हा दोष ठरला की ‘पडू न देणे’ हे कर्तव्य होते; आणि पडू न देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उठू न देणे. या क्रियापदाच्या प्रवासातील अंधारी वळण हेच. अमेरिकेत शासकीय ‘मेडिकेअर’ योजनेने ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात पडून झालेल्या इजेच्या उपचाराचा वाढीव खर्च देणे थांबवले. त्यानंतर रुग्णांना अनावश्यकपणे खाटेवरच ठेवण्याची प्रवृत्ती वाढते की काय, अशी चिंता तेथील वृद्धवैद्यकाच्या अभ्यासकांनी व्यक्त केली. खाटेवर निजून राहिलेल्या वृद्धाच्या स्नायूंची शक्ती दिवसागणिक घटते आणि घरी गेल्यावर तो पडतो. पण ते पडणे रुग्णालयाच्या हिशेबात येत नाही.

पलंगाचा कठडा हे याचे दृश्य चिन्ह. कठडा वर केला की काळजी घेतली, असे परिचारिकेला, नातेवाइकाला आणि पुढे न्यायाधीशालाही वाटते. पण भ्रमिष्ट अवस्थेतील रुग्ण कठडा ओलांडू पाहतो आणि अधिक उंचीवरून कोसळतो. कठड्यांत अंग वा मान अडकून मृत्यू होतात म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ मध्ये धोक्याची सूचना काढली होती. हातपाय बांधणे ही याची पुढची पायरी. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आरोग्य संस्थांपुरते तरी स्पष्ट केले की रुग्णाला बांधून ठेवणे हे शिक्षेसाठी, किंवा केवळ कर्मचारी अपुरे आहेत म्हणून, करता येणार नाही. अपुऱ्या कर्मचाऱ्यांचा इतका सरळ उल्लेख कायद्याच्या भाषेत क्वचितच आढळतो. सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डासाठी मात्र असे वाक्य अद्याप कोणत्याही भारतीय कायद्यात आलेले नाही.

दरम्यान बेरजेवरचा विश्वासही ढळू लागला आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्येच सांगितले की रुग्णालयात जोखीम वर्तवणारी गुणश्रेणी वापरू नये. पासष्टीपुढील प्रत्येक रुग्ण जोखमीचाच समजून त्याच्या गरजा पाहाव्यात. ऑस्ट्रेलियातील सहा रुग्णालयांच्या चोवीस वॉर्डांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुणश्रेणी, धोक्याची पाटी, खाली उतरणारे पलंग, सूचक घंटा असा सहा उपायांचा संच वापरूनही पडण्याचे वा इजांचे प्रमाण घटले नाही. याउलट बॉस्टन व न्यूयॉर्क येथील चौदा विभागांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पडण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी आणि इजा होऊन पडण्याचे सुमारे ३४ टक्क्यांनी उतरले. तेथे गुणश्रेणी होतीच. पण तिचा निष्कर्ष फायलीत न ठेवता रुग्ण व त्याचे कुटुंबीय यांच्याबरोबर बसून, चित्रांच्या साहाय्याने, ‘तुम्ही कशामुळे पडू शकता आणि त्यासाठी आपण काय करायचे’ हे रोज ठरवले जात होते. दोन चाचण्यांच्या तुलनेवरून अंतिम निर्णय देणे धाडसाचे होईल. तरीही उपायांची यादी बरीचशी सारखी असताना एका ठिकाणी ती रुग्णाविषयी वापरली गेली आणि दुसऱ्या ठिकाणी रुग्णाशी बोलून, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

६

येथे ‘शुश्रूषा’ या शब्दाकडे वळणे प्राप्त आहे. मराठीत तो हटकून चुकीचा लिहिला जातो, आणि त्या चुकीत त्याची व्युत्पत्ती हरवते. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. त्या धातूचे इच्छार्थक रूप म्हणजे ‘शुश्रूषा’, ऐकण्याची इच्छा. गुरूचे ऐकू इच्छिणाऱ्या शिष्याच्या वृत्तीसाठी हा शब्द आला, तेथून त्याला सेवेचा अर्थ लाभला आणि मराठीत केवळ रुग्णसेवेचा अर्थ शिल्लक राहिला. शब्दाच्या मुळाशी रुग्णाला उचलणारे हात नाहीत, त्याची हाक ऐकू इच्छिणारा कान आहे. गुणश्रेणी पाहते, कठडा अडवतो, कॅमेरा टेहळतो. ऐकण्याचे काम यांपैकी कोणाकडेच नाही.

दिल्लीत हे ऐकणे अनेक भाषांतून होते. स्वातंत्र्योत्तर काळात येथील रुग्णालयांचा परिचारिकावर्ग मोठ्या प्रमाणावर केरळमधून आला. श्रीलेखा नायर यांच्या २०१२ मधील ग्रंथाने या स्थलांतराचा, त्यातील प्रतिष्ठेच्या आणि अवहेलनेच्या प्रश्नांचा सविस्तर अभ्यास केला आहे. जून २०२१ मध्ये दिल्लीतील गोविंद बल्लभ पंत रुग्णालयात परिचारिकांनी कामावर असताना फक्त हिंदी वा इंग्रजीत बोलावे, मलयाळममध्ये बोलू नये, असे परिपत्रक निघाले आणि देशभर टीका झाल्यावर ते दुसऱ्याच दिवशी मागे घेण्यात आले. भाषिक हक्कांच्या दृष्टीने परिपत्रक अन्याय्य होते, याविषयी शंका नाही. तरीही त्याच्या तळाशी असलेला प्रश्न त्याच्याबरोबर मागे घेतला गेला नाही. रुग्णाला न कळणारी भाषा ही त्याची अडचण म्हणून परिपत्रकात आली होती; परिचारिकेला न कळणारी रुग्णाची भाषा मात्र कोणत्याच परिपत्रकाचा विषय झाली नाही. दिल्लीच्या वॉर्डात मैथिली, हरयाणवी, गढवाली, बंगाली बोलणारे रुग्ण असतात. दरभंग्याची वृद्धा अर्धवट ग्लानीत जी हाक मारते, ती हिंदीच्या पाठ्यपुस्तकातली नसते. ग्लानीत माणूस शिकलेली भाषा सोडून लहानपणच्या भाषेत शिरतो, हे अनेक परिचारिका अनुभवाने जाणतात. दिल्लीत एकट्या राहणाऱ्या मराठी निवृत्तांनाही हे लागू आहे. चाळीस वर्षे सफाईदार हिंदी बोललेला गृहस्थ मध्यरात्री ‘अगं, जरा हात दे’ म्हणतो, तेव्हा त्या वॉर्डात ते वाक्य समजणारे कोणी असेलच असे नाही.

मान्यता-मंडळाच्या मानकांनुसार रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत माहिती दिली पाहिजे. माहिती देण्याची ही तरतूद आहे. ऐकून घेण्याची नाही. पलंगाशेजारी लागणाऱ्या पाटीतही हाच भेद दिसतो. ‘पडण्याचा धोका’ हा मजकूर रुग्णाविषयी आहे आणि कर्मचाऱ्यांना उद्देशून आहे. त्यात रुग्ण हे एक जोखमीचे सामान असते. ‘उठायचे असेल तर हाक मारा’ हा मजकूर रुग्णाला उद्देशून आहे. त्यात उठण्याची इच्छा त्याची म्हणून मान्य केलेली आहे आणि हाकेला उत्तर मिळेल असे वचनही आहे. पहिली पाटी छापायला स्वस्त आहे. दुसरी लावायची तर भारतीय परिचर्या परिषदेने अध्यापन-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक व इतर रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असावी, असा जो निकष सांगितला आहे, तो रात्रपाळीतही पाळावा लागेल. आणि राजधानीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत, जेथे एका खाटेवर कधी दोन रुग्ण असतात आणि त्यांचे तीमारदार पलंगाखाली चटई टाकून झोपलेले असतात, तेथे तो दिवसाही क्वचितच पाळला जातो.